डाव्या पानावरची मोकळी जागा

संगीताच्या एका मासिकात गेली सव्वीस वर्षं पानं लावणाऱ्या त्या माणसाला ऑफिसात सगळे मिलिमीटर म्हणायचे. हे नाव त्याने स्वकष्टाने कमावलं होतं. मथळा फोटोपासून किती अंतरावर हवा यावरून तो कुणाशीही भांडायला उभा राही, आणि भांडण कधी एका मिलिमीटरच्या वर जात नसे. खिशाला पेनाऐवजी स्टीलची पट्टी. जेवायला बसला की आधी ताटातल्या वाट्या एका रांगेत आणणार, मग पहिला घास. बायको घरी पडदे शिवायची. तिचं सगळं माप वितीत आणि हातात. "तुमचा मिलिमीटर माझ्या कात्रीच्या दोन पात्यांमधनं पडून जातो," असं ती म्हणे. तरी तिचे पडदे खिडकीला बरोब्बर बसत, याचं त्याला आतून फार वाईट वाटे.

सव्वीस वर्षांत मासिकाला वाचकांची पोतंभर पत्रं आली. कुणाला लेख आवडले, कुणाला गायकांचे फोटो, एकाला तर शेवटच्या पानावरचं शब्दकोडं. "मांडणी छान" असं एकाही माणसाने एका ओळीनेही कळवलं नव्हतं. मिलिमीटरची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. निदान तो तसं सांगायचा.

गेल्या वर्षी एका अंकाच्या मधल्या जोडपानावर एका व्हायोलिनवादकाची मुलाखत जायची होती. आजोबा ऐंशीचे, थोर, आणि अबोल म्हणून प्रसिद्ध. त्यांच्याकडे गेलेला लेखक तीन तास बसून आला आणि त्याने अकरा वाक्यं लिहून दिली.

"एवढंच?" संपादकबाई म्हणाल्या.

"बोलतच नाहीत हो. एवढं काढताना तोंडाला फेस आला."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण फार काळ नाही. कारण डाव्या पानाचा वरचा मोठा तुकडा एका गादीच्या कंपनीने जाहिरातीसाठी घेतलेला होता. गादीखाली मथळा, मथळ्याखाली अकरा वाक्यं, उजव्या पानावर आजोबांचा फोटो, असं सगळं बेतात बसत होतं. छपाईच्या दिवशी दुपारी तीन वाजता गादीवाल्यांचा फोन आला. गादीचं नाव बदलत होतं, जाहिरात रद्द. छापखान्याचा माणूस तेव्हा दारात उभा होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होता.

"भरा काहीतरी," बाई म्हणाल्या.

"काय भरू? अकरा वाक्यं आहेत. त्यातली दोन 'हो' आणि 'नाही' आहेत."

मिलिमीटरने अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. ते बालवाडीच्या तक्त्यासारखं दिसायला लागलं तसं पुन्हा लहान केलं. मथळा वर घेऊन पाहिला, तर खाली भगदाड पडलं. खाली आणला, तर वर. वेळ संपला तेव्हा मथळा अकरा वाक्यांसकट खालच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्यावर वीतभर उंच, पानभर रुंद असा कोरा कागद.

उजव्या पानाचीही तीच कथा. फोटोत आजोबांच्या डोक्यावर भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं आलं होतं. ते उडवायचं तर आजोबांचं अर्धं कपाळही उडत होतं. उडालं. शिवाय आजोबांच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात तपकिरी. त्यावर मिलिमीटरने एक पिवळी पट्टी ओढली. या गडबडीत दोन्ही पानांचे आकडे गळले ते गळलेच.

अंक बाहेर आला आणि मालकांचा पारा चढला. मालकांचा मूळ धंदा फरशांचा. संगीत त्यांना कळत नसे, पण फरशी न घातलेली जागा त्यांना बघवत नसे. मिलिमीटरला नोटीस मिळाली: "आपल्या निष्काळजीपणामुळे डावे पान ओसाड राहिले. पुन्हा असे घडल्यास गय केली जाणार नाही." मिलिमीटरने ती घेतली आणि फायलीत लावली. सरळ लावली.

त्याची मुलगी डिझाइनच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. या प्रकाराला आठ महिने झाले असतील, एका संध्याकाळी ती घरी आली ती हसतच. तिच्या हातात रंगीत झेरॉक्स होती.

"बाबा, हे जोडपान तुझंच ना?"

मिलिमीटरने लांबूनच ओळखलं. आपल्या अपघाताचा फोटो कुणालाही लांबून ओळखू येतो.

"कुठे मिळालं तुला?"

"सरांनी वर्गाला वाटलंय. 'संगीत मासिकाच्या या जोडपानाच्या मांडणीचे विश्लेषण करा.' बाराशे शब्द, वीस गुण. ही मोकळी जागा का सोडली ते लिहायचंय. बोल पटापट."

बायकोला हसू आवरेना. मिलिमीटरने मात्र पट्टी काढून सगळं नीट समजावून दिलं: गादी, नळकांडं, मोजे, गळलेले आकडे. मुलीने ते जसंच्या तसं उतरवलं. घरचीच माहिती, वीसपैकी वीस कुठे गेले नाहीत असं धरून दोघं निवांत झाली.

तिला तीन मिळाले. खाली लाल शाईत शेरा होता: "कल्पनाशक्ती उत्तम. पण विश्लेषण पुराव्यावर आधारलेले असावे."

तिच्या मैत्रिणीला सतरा मिळाले होते. मैत्रिणीने लिहिलं होतं की डाव्या पानाचा पांढरा अवकाश म्हणजे पहिला सूर लागण्याआधी कलावंताने घेतलेला श्वास आहे. कापलेलं कपाळ म्हणजे बुद्धीला दिलेली रजा. पिवळी पट्टी हे क्षितिज. पानांना आकडे नाहीत, कारण शांतता मोजता येत नाही.

मिलिमीटरने ते दोनदा वाचलं. "क्षितिज?" तो ओरडला. "अगं, मोजे आहेत ते!"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो कॉलेजात गेला. काखेत फाइल होती आणि फाइलीत गादीवाल्यांचं रद्दपत्र, न कापलेला फोटो आणि ती नोटीस. सर निघाले लांब केसांचे, काळ्या कपड्यांतले आणि अतिशय नम्र. त्यांनी एकेक कागद दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"हे सगळं तुम्ही जपून ठेवलंत!"

"पुरावा म्हणून. तुमचा शेरा होता ना."

"अप्रतिम. पण यातून एवढंच दिसतं की तुम्हाला ते नकळत सुचलं."

"मला काही सुचलं नाही हो. जाहिरात गेली."

"गेली, मान्य. पण त्या जागी तुम्ही दुसरं काही भरलं नाहीत. का?"

"भरायला काही नव्हतं!"

"बघा," सर हळुवारपणे म्हणाले, "किती सुंदर बोललात."

मिलिमीटरने हात टेकले. "मग मुलीचे गुण?"

"त्याचं काय आहे, ज्याने केलं त्याला त्यातलं सगळ्यात कमी कळतं. तिने तुमचं ऐकलं, तिथेच ती चुकली." मग सर उठून त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमचं चर्चासत्र आहे. तुम्ही यायलाच हवं."

नाही म्हणायचं ठरवूनच तो घरी आला. पण तीन दिवसांनी निमंत्रणाचं पत्र आलं आणि त्यात त्याच्या नावाआधी दोन शब्द होते: ज्येष्ठ मांडणीकार. सव्वीस वर्षांत त्याला कुणी ज्येष्ठ म्हटलं नव्हतं आणि मांडणीकार तर मुळीच नाही.

"ज्येष्ठ म्हणजे म्हातारा ना?" बायकोने विचारलं.

"थोर," तो म्हणाला.

"बाबा, तिथे खरं सांगणार ना?" मुलीने विचारलं.

"अक्षरन् अक्षर. भर सभेत सांगतो, म्हणजे तुझे गुण वाढवावेच लागतील."

चर्चासत्राला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी संपादकबाई, आणि कुठून वास लागला कोण जाणे, मालकही. मिलिमीटर उभा राहिला, दिवे मंद झाले आणि त्याच्या मागच्या भिंतीवर त्याचं जोडपान उमटलं. आपलं पान त्याने जन्मभर हातभर अंतरावरून, पट्टी लावून पाहिलं होतं. आज वळून पाहिलं तर ते घराएवढं झालेलं. वर तो मोठा पांढरा अवकाश, खाली कोपऱ्यात दोन शब्दांचा मथळा, पलीकडे व्हायोलिनवर झुकलेला म्हातारा. दिसत होतं मात्र छान. सगळा घोटाळा तिथेच झाला.

"ही जागा..." तो म्हणाला आणि थांबला. दोनशे माणसं श्वास रोखून बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. घरी बोलताना त्याला आजवर कुणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"ही जागा मी राखली," मिलिमीटर म्हणाला.

पेनं सरसर चालायला लागली. आणि मग तोही थांबेना. एक मिलिमीटर जरी कमी केला असता तरी शांतता मोडली असती, असं त्याने सांगितलं. क्षितिजाचा पिवळा रंग सापडायला आपल्याला फार दिवस लागले, असंही सांगितलं. गादी त्याच्या तोंडात एकदाही आली नाही. टाळ्या संपता संपेनात. दिवे लागले तेव्हा तिसऱ्या रांगेतली मुलीची खुर्ची रिकामी होती.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मला तीन मिळाले ते खरं बोलल्याबद्दल. तुला टाळ्या कशाबद्दल मिळाल्या?"

मिलिमीटर ताटातल्या वाट्या पुन्हा एका रांगेत लावायला लागला. घरात खरीखुरी शांतता पसरली आणि ती बरेच दिवस टिकली.

ऑफिसात उलटच. मालकांनी नोटीस स्वतःच्या हाताने फाडली. "शांतता हीच आपली ओळख," असं त्यांनी जाहीर केलं आणि मिलिमीटरला मांडणी सल्लागार करून टाकलं. आता दर अंकात दोन पानं शांततेची. लोकांना आवडतायत असं दिसल्यावर चार. लोकांना खरंच आवडत होती. मांडणीबद्दल पत्रं यायला लागली, पहिल्या महिन्यातच त्रेचाळीस. त्यातल्या एका वाचकाने लिहिलं होतं की तुमचा अंक आता घरातल्या लहानांना चित्रं काढायलाही उपयोगी पडतो. मिलिमीटरने तेही कौतुकात धरलं. गादीवाले परत आले. त्यांना शांततेच्या समोरचंच पान हवं होतं आणि जाहिरातही तशीच हवी होती. पूर्ण कोरी, कोपऱ्यात फक्त गादीचं नवं नाव. शांतता कुठे संपते आणि गादी कुठे सुरू होते हे आता खुद्द मिलिमीटरलाही पट्टी लावून सांगता आलं नसतं.

संपादकबाईंनी तीन महिने हिंडून बासरी बनवणाऱ्या कारागिरांवर चौदा पानं लिहिली होती. त्यातली दीड उरली.

"तुमच्या शांततेने माझी साडेबारा पानं खाल्ली," बाई म्हणाल्या.

"मी काय करणार बाई? मालकच..."

"तुम्ही सल्लागार ना? मग द्या की सल्ला."

त्याने मान खाली घालून कोऱ्या पानाचे समास आखायला घेतले.

असे पाच अंक गेले. मग एका दुपारी काठी टेकत, तीन जिने चढून, धापा टाकत ते व्हायोलिनवाले आजोबा स्वतः ऑफिसात आले.

"पानं लावणारे कोण इथे?"

मिलिमीटर लगबगीने उठला, शर्ट सारखा केला, स्तुती ऐकायच्या बेताने पुढे झाला. "मीच."

"मग माझं बोलणं कुठे ठेवलंत?"

"म्हणजे?"

"मी तीन तास बोललो होतो. मध्ये दोनदा पाणी प्यायलो. सत्तर वर्षं वाजवतोय, पण कुणी मला काही विचारलं नव्हतं. या म्हणायचे, वाजवा म्हणायचे, टाळ्या झाल्या की गाडीत बसवून द्यायचे. न विचारता बोलायची मला सवय नाही, म्हणून मी अबोल. तुमच्या त्या माणसाने विचारलं, तेव्हा मी ठरवलं, आज सगळं सांगून टाकायचं. सांगितलं. आणि तुम्ही काय छापलंत? पांढरं!"

लेखकाला बोलावलं. तो आधी छताकडे बघत राहिला, मग चपलांकडे. मग कबूल झाला. रेकॉर्डर चालू करायचा राहून गेला होता. परतीच्या वाटेवर आठवली तेवढी वाक्यं त्याने लिहिली. अकरा आठवली.

"आणि आता काय होतं माहितीये?" आजोबा खुर्चीत टेकत म्हणाले. "लोक घरी येतात आणि गप्प बसतात. परवा सहाजण आले. दीड तास बसले. मी म्हटलं, आज उकडतंय जरा, तर त्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं."

बाई हसल्या. मिलिमीटरला हसू आलं नाही. ज्या जागेवर उभं राहून त्याने टाळ्या घेतल्या होत्या ती कधी रिकामी नव्हतीच. तिथे एक माणूस बसला होता. त्याला उठवून ती जागा याने स्वतःच्या नावावर करून घेतली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातली पट्टी कुठे ठेवावी तेही सुचेना.

"पुन्हा सांगाल?" त्याने विचारलं.

"यंत्र चालू कराल?"

"यंत्र नको. माझ्या मुलीला आणतो. ती ऐकते तसंच उतरवते. त्यापायी तिचे गुण गेलेत."

घरी गेल्यावर त्याने मुलीला सगळं सांगितलं, सभागृहातल्या बढाईसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तू भर सभेत सांगशील?"

"छापतोच ना."

तीन दुपारी दोघं आजोबांकडे गेली. आजोबा बोलत होते, मुलगी लिहीत होती, मिलिमीटर ऐकत होता. वडलांना घरात वाद्य चालत नव्हतं, म्हणून आजोबा शेजारच्या पोस्टमनच्या तीन तारांच्या व्हायोलिनवर चोरून शिकले. थोरली बहीण दारात उभी राहून पहारा द्यायची. वडील लांबून दिसले की ती जोरात शिंकायची. एकदा ती खरोखरच शिंकली आणि वडील आले असं समजून घाईघाईत दार ओढून घेताना आजोबांची करंगळी दारात सापडली. ती नंतर कधी पुरती वाकली नाही. त्या करंगळीमुळे सूर जरा अलीकडेच थांबायचा, आणि समीक्षकांनी त्याला अपूर्णतेचं सौंदर्य म्हणून तीन मोठे लेख लिहिले होते.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?" मुलीने विचारलं.

"विचारलं कुणी?" आजोबा म्हणाले.

पुढच्या अंकात शांततेची चार पानं राखून ठेवलेली होती. मालक फरशा बघायला परगावी गेले होते. मिलिमीटरने ती चारही पानं आजोबांच्या बोलण्याने भरली. मावेना, तसं अक्षर बारीक केलं. तरी मावेना, तसे समास खाल्ले, दोन ओळींमधली हवा काढली, मथळा नखाएवढा केला. फोटो अख्खा लावला, नळकांड्यासकट आणि दोन रंगांच्या मोज्यांसकट. सव्वीस वर्षांत एवढं कुरूप पान त्याच्या हातून गेलं नव्हतं. शेवटी एक छोटी चौकट टाकली: "गेल्या वर्षीची मोकळी जागा गादीची जाहिरात रद्द झाल्यामुळे राहिली होती. त्याबद्दल मी इतरत्र जे बोललो ते खोटे आहे. पाने लावणारा."

बाईंनी चारही पानं चष्मा वरखाली करत वाचली. "मालकांना विचारलंत?"

"शांततेबद्दल सल्ला द्यायचा अधिकार माझा आहे. माझा सल्ला असा की आता बोलू द्या."

बाईंनी सही ठोकली.

मालक परत आले ते अंक हातात नाचवतच. "माझी शांतता कुठाय?" ते ओरडले. ओरडणं तिसऱ्या मजल्यावरून खालच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत गेलं. मिलिमीटरला दुसरी नोटीस मिळाली आणि सल्लागारपद गेलं. गादीवालेही गेले, कारण त्या खचाखच पानांसमोर त्यांची कोरी जाहिरात छपाईतली चूक वाटत होती. त्यांची पानं रिकामी पडली आणि रिकामी जागा मालकांना पुन्हा बघवेना, तेव्हा बाईंनी आपली साडेबारा पानं दर अंकात थोडी थोडी करत तिथे घुसवली. कॉलेजातले सर मात्र भारावले. ही गर्दी म्हणजे मांडणीकाराने स्वतःच्याच शांततेवर केलेला हल्ला आहे आणि ती कबुलीची चौकट हा एका काल्पनिक निवेदकाचा खेळ आहे, असं त्यांनी लिहिलं आणि चारही पानं वर्गात वाटली. मुलीने उत्तरात लिहून दिलं की मजकूर मीच उतरवला आहे आणि पानं लावताना मी शेजारी बसले होते. शेरा आला: "लेखिका विषयाच्या फार जवळ आहे." या वेळी चार मिळाले. तिने तो कागद बापाच्या टेबलावर आणून ठेवला, आणि दोघं पोट धरून हसली.

आजोबांना अंक मिळाला त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. अक्षर मुंगीएवढं आहे, भिंग घेऊन वाचतोय, पहिलं पान झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, दुसरं पान झालं, पोस्टमनची सायकल काळी होती, हिरवी नाही. तिसऱ्या दिवशी करंगळीपर्यंत आले. चौथ्या दिवशी मिलिमीटर फोनचीच वाट बघत बसला होता.

"झालं वाचून," आजोबा म्हणाले. "बरोबर आहे सगळं. एक मात्र सांगायचं राहिलं. ताई पहारा द्यायची ना, ती कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. तिने माझं सगळं शिक्षण पाठमोरं ऐकलं. पुढे मी मोठमोठ्या ठिकाणी वाजवलं, तिला पहिल्या रांगेत बसवलं, तर मी वाजवायला लागलो की ती मान वळवून दाराकडे बघायची. शेवटपर्यंत. हे कुठे बसेल का बघा."

"बसवतो," मिलिमीटर म्हणाला आणि लिहून घ्यायला कागद ओढला. आजोबा बोलतच होते.